बेडूक पाळताय? टाकीचे पाणी ओढ्यात ओतू नका

जून सरता सरता कर्जत-खालापूर भागातल्या एखाद्या ठाकुरवाडीत रात्री मुक्काम करा. मोठी सर पडून गेली की भातखाचरांतून बेडकांचा आवाज सुरू होतो, तो पहाटेपर्यंत थांबत नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून धबधब्यांवर येणाऱ्या मुलांना या बेडकांचे भारी आकर्षण. मग एखादा इवलासा बेडूक पाण्याच्या बाटलीत बसून लोकलने शहरात जातो आणि काही दिवसांत मरतो. मुलाला वाईट वाटते, आईवडील म्हणतात, ‘आता नीट टाकी आणून पाळू.’

टाकी आणण्यापूर्वी तो बेडूक का मेला, हे समजून घ्यायला हवे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो पाणी शोषतो. त्याच कातडीतून तो काही प्रमाणात श्वासही घेतो. म्हणजे आपल्या हाताला लागलेले डास पळवणारे मलम, साबणाचा अंश किंवा नळाच्या पाण्यातले क्लोरीन थेट त्याच्या शरीरात जाते. बंद बाटलीत तापलेले पाणी आणि कोंडलेली हवा यांची त्यात भर पडते.

रानातला बेडूक रानातच

पहिला नियम साधा आहे. ओढ्यावरचा किंवा खाचरातला बेडूक घरी आणायचा नाही. देशी बेडकांच्या अनेक जातींना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शेतातल्या किडी खाणारा हा प्राणी शेतकऱ्याच्या कामाचा आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली, त्यामागे हाही विचार होता.

पाळायचाच असेल, तर बंदिस्त प्रजननातून जन्मलेला आणि खरेदीची कागदपत्रे असलेला बेडूक घ्यावा. लाल डोळ्यांचा झाडबेडूक किंवा रंगीबेरंगी विषारी बाणबेडूक यांच्यासारख्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची नोंदणी २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. विक्रेता नोंदणीचे नाव काढायला तयार नसेल, तर तिथून परत फिरावे.

टाकी कशी असावी?

झाडावर राहणाऱ्या जातींना उंच टाकी लागते. साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच काचेची पेटी दोन-तीन मध्यम आकाराच्या बेडकांना पुरते. झाकणाचा काही भाग बारीक जाळीचा ठेवावा. हवा खेळली नाही तर बुरशी धरते.

तळाशी पाणी निथरण्यासाठी खडे, त्यावर जाळी, त्यावर खत न मिसळलेले कोकोपीट आणि वाळलेली पाने, असा थर करावा. खडे उघडे ठेवू नयेत. भक्ष्यासोबत बेडूक ते गिळतो. मनीप्लांटसारखी रोपे चालतात, पण रोपवाटिकेतून आणल्यावर ती नीट धुवावीत. त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते.

बहुतेक उष्णकटिबंधीय जातींना २२ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. आपल्याकडे टाकी गरम ठेवण्यापेक्षा थंड ठेवणे अवघड आहे. एप्रिल-मे महिन्यांत कर्जतचा पारा चाळिशीच्या आसपास जातो. खिडकीतल्या उन्हात ठेवलेली काचेची पेटी काही मिनिटांत भट्टी होते. थर्मामीटर आणि आर्द्रतामापक लावल्याशिवाय बेडूक आणू नये. आर्द्रता साधारण ६० ते ८० टक्के असावी. त्यासाठी दिवसातून एक-दोनदा फवारा पुरतो.

नळाचे पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवले की क्लोरीन उडून जाते. क्लोरामाइन मात्र तसे जात नाही. माशांच्या दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे द्रावण वापरणे अधिक खात्रीचे. खाद्य म्हणून पैदास केलेले रातकिडे द्यावेत. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. त्यावर कॅल्शियम आणि डी-३ची पूड लावावी, नाही तर हाडे ठिसूळ होतात.

घरातल्या माणसांसाठी

अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात पाळीव आफ्रिकी बटू बेडकांमुळे साल्मोनेलाची साथ पसरली. ४४ राज्यांत ३७६ जणांना लागण झाली आणि त्यांत लहान मुलेच जास्त होती. हा जंतू टाकीच्या पाण्यातही असतो. त्यामुळे टाकी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुऊ नये. टाकीत हात घातल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांना ते काम देऊ नये.

खरा धोका ओढ्याला

बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभर हाहाकार माजवला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिच्यामुळे उभयचरांच्या ५०१ जाती घटल्या आणि त्यांपैकी ९० नामशेष झाल्याचे मानले जाते. बेडकांच्या व्यापाराने ही बुरशी देशोदेशी पोहोचली.

उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती आढळल्याचे पुण्यातील संशोधकांनी २०१३ मध्ये नोंदवले. मात्र तो प्रकार आशियातलाच होता. बाहेरून येणारा घातक प्रकार ही वेगळी गोष्ट आहे. वरून धडधाकट दिसणाऱ्या बेडकावरही तो असू शकतो आणि टाकीच्या पाण्यातून पसरू शकतो. उल्हास, पेज किंवा पाताळगंगेला मिळणाऱ्या ओढ्यात ओतलेली एक बादली त्यासाठी पुरेशी ठरू शकते.

म्हणून टाकीतून काढलेल्या पाण्यात घरगुती ब्लीच घालून ते अर्धा तास ठेवावे आणि मग संडासात ओतावे. त्यात आम्लयुक्त क्लीनर कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. जुनी माती पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावी. आणि कंटाळा आला म्हणून पाळलेला बेडूक कधीही बाहेर सोडू नये. ज्याच्याकडून घेतला, त्याला परत द्यावा.

एवढे सांभाळणे जमणार नसेल, तर दुसरा मार्ग सोपा आहे. गावाकडे अंगण असेल तर सावलीत उथळ पाणी ठेवा, भोवती पालापाचोळा राहू द्या, कीटकनाशक मारू नका. पावसात झाडबेडूक आपणहून येतील आणि पाण्यावर लोंबत्या पानाला पांढऱ्या फेसाचे घरटे करतील. मुलांना टॉर्च द्या आणि लांबून बघू द्या. त्या बेडकांना आपल्या टाकीची गरज नाही.