मांजर ओकते तेव्हा

यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या गावांतील पुष्कळ घरी मांजराची गणना घरच्या माणसांतच होते. दुपारची पाने उचलली गेली की त्याच्या वाटीत दूधपोळीचा काला पडतो. तो ते घाईघाईने संपवते, आणि अर्ध्या घटकेच्या आत ओसरीच्या कोपऱ्यात मान खाली घालून सारे बाहेर टाकते. मग घरात मतभेद सुरू होतात. आजी म्हणते, पाल खाल्ली असेल; मुलांचा जीव कासावीस होतो; वडील म्हणतात, मांजराची जातच तशी. इकडे मांजर मात्र मिशा पुसून पुन्हा वाटीपाशी हजर! पंधरा दिवसांनी, महिन्याने हाच प्रसंग पुन्हा घडतो, आणि हे दुखणे समजावे की सवय, हा प्रश्न तसाच राहतो.

या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. मांजराच्या ओकाऱ्यांपैकी बऱ्याचशा निरुपद्रवी असतात. परंतु काही थोड्या प्राणावर बेतणाऱ्याही असतात. दोहोंतील भेद ओळखण्यास घरच्या औषधांपेक्षा घरच्यांचे डोळेच अधिक उपयोगी पडतात.

प्रथम निरुपद्रवी प्रकार पाहू. मांजर हा स्वभावतः लहान शिकारीवर जगणारा प्राणी. मोकळेपणी राहणारे मांजर दिवसाकाठी दहा-वीस वेळा थोडेथोडे खाते. त्याच प्राण्याला दिवसातून दोनदाच भरपूर अन्न घातले, आणि शेजारी दुसरे मांजर टपून बसलेले असले, तर ते न चावता गिळते. असे अन्न पुष्कळदा पोटात न ठरताच परत येते. त्यावेळी उमासे येत नाहीत, पोट आत ओढले जात नाही. अन्न न पचलेले, लांबट वळकटीसारखे बाहेर पडते. यावर उपाय सोपा आहे. तेवढेच अन्न चार-पाच वेळा विभागून द्यावे, पसरट ताटलीत घालावे, आणि दोन मांजरे असल्यास त्यांची पाने निरनिराळ्या खोल्यांत मांडावी. वैदर्भी उन्हाळ्यात वाटीत उरलेले अन्न लवकर नासते, म्हणून ते वेळीच उचलावे. दुधाचा लौकिकही थोडा फसवाच आहे. पिलू मोठे झाले की दुधातील साखर पचविण्याची त्याची शक्ती ओसरते, आणि मग पुष्कळ मांजरांना दूध बाधते.

केसांचे कारण सर्वांच्या परिचयाचे आहे. मांजराच्या जिभेवरील काटे आतल्या बाजूस वळलेले असल्यामुळे अंग चाटताना सुटलेले केस त्याला थुंकता येत नाहीत, गिळावेच लागतात. त्यांचा गोळा अधूनमधून ओकून पडणे स्वाभाविक आहे. गवत खाऊन ओकण्याचेही फारसे नवल नको. वाघाच्या विष्ठेतसुद्धा गवताची पाती सापडतात. तेव्हा टिपेश्वरच्या अभयारण्यातील वाघ आणि ओसरीवरील मनी या बाबतीत एकाच कुळीची ठरतात.

मनाच्या स्थितीचाही पोटाशी निकट संबंध आहे. क्ष-किरणांचा शोध नवा असताना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ-मिश्रित अन्न देऊन त्यांच्या जठराच्या हालचाली पाहिल्या व १८९८ मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध केले. मांजर भ्याले वा चिडले की जठराच्या लाटा थांबत, आणि शांत झाले की पुन्हा सुरू होत, असे त्यांना आढळले. म्हणून खाताना मांजराला उचलणे, दटावणे, कुत्र्याच्या पुढ्यात खायला लावणे टाळलेलेच बरे.

आता दुसरी बाजू. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा, आणि येथील दोन धोके याच पिकाच्या पाठोपाठ घरात येतात. पहिला धोका सुताचा. तुपात भिजविलेली फुलवात, शिवणाचा दोरा, संक्रांतीचा मांजा हे मांजर आवडीने चघळते आणि गिळते. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली अडकले व दुसरे आतड्यात उतरले, तर आतडे त्यावर चुणीसारखे गोळा होते आणि कापलेही जाते. तोंडातून वा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. तसेच मांजर घेऊन दवाखाना गाठावा.

दुसरा धोका फवारणीचा. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या विषाने धडधाकट माणूस जातो, ते कपड्यांवरून, डब्यावरून वा हातांवरून मांजराच्या अंगास लागले तर ते स्वतःला चाटूनच ते पोटात घेते. गावोगावी या विषाला ‘औषध’ म्हणतात; त्या नावाने कोणी निर्धास्त राहू नये. ओकारीबरोबर तोंडातून लाळेची धार, बारीक झालेली बाहुली, अंगाचा थरकाप ही लक्षणे दिसली तर ती विषबाधा समजावी. कुत्र्यासाठी असलेले पिसवांचे पर्मेथ्रीनयुक्त औषधही मांजराला घातक ठरते. उंदरांसाठी ठेवलेल्या झिंक फॉस्फाईडविषयी वेगळे सांगावयास नको.

तिसरा धोका आपल्या प्रेमाचा! मांजर मलूल दिसले की तापाची गोळी चुरून देणारे कमी नाहीत. पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार थोडी असते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. मिठाचे पाणी पाजून ओकवणेही तितकेच अनिष्ट. तसेच मांजराला दिवसचे दिवस उपाशी ठेवू नये. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस न जेवल्यास त्याच्या यकृतात चरबी साचून नवेच संकट उभे राहते.

मग काळजी केव्हा करावी? मांजर महिन्यातून एखादवेळ ओकले, लगेच खेळू-खाऊ लागले आणि त्याचे वजन कायम राहिले, तर केवळ लक्ष ठेवणे पुरे. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा हे घडू लागले, अंग उतरू लागले, वा म्हातारे मांजर एकाएकी फार पाणी पिऊ लागले, तर चार दिवसांत पशुवैद्याकडून तपासणी व्हावी. मूत्रपिंडाचे विकार असेच चोरपावलांनी येतात. ओकारीत रक्त दिसणे, एका दिवसात अनेकदा ओकणे, पाणीही न टिकणे, लस न टोचलेल्या पिलाने ओकून मलूल पडणे, किंवा बोक्याने लघवीसाठी वारंवार बसूनही थेंब न येणे, यांपैकी काहीही घडल्यास मात्र त्याच दिवशी, त्याच घटकेस निघावे.

खेड्यातून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात वेळ मोडतो. तेथे डॉक्टर विचारणार ते असे: केव्हा खाल्ले, किती वेळाने ओकले, उमासे आले की नाही, बाहेर काय पडले. म्हणून दिनदर्शिकेच्या चौकटीतच ओकारीची नोंद करून ठेवावी. जमल्यास पडलेल्या अन्नाचा नमुना आणि संशय असल्यास विषाच्या डब्यावरील नावाची चिठ्ठी बरोबर न्यावी. मांजर आपले दुखणे लपविते, तक्रार करीत नाही. त्याच्या वतीने बोलणारी एवढी नोंद घरात असली, म्हणजे आजीची पाल, वडिलांची बेफिकिरी आणि मुलांची घाबरगुंडी यांतून खरे काय ते निवडता येते.