लॉज कोण चालवतं? फ्रीमेसनरीविषयीचे बाहेरचे आणि आतले गैरसमज

फ्रीमेसनरीविषयी जे बोललं जातं त्यातलं बरंचसं एकाच कल्पनेवर उभं आहे. जगात कुठे तरी एक केंद्र आहे, तिथून हुकूम सुटतात आणि गावोगावच्या लॉज ते निमूटपणे पाळतात, अशी ती कल्पना. ती चुकीची आहे हे दाखवणं फारसं अवघड नाही. मला जास्त महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट: याच कल्पनेचं एक सौम्य रूप खुद्द फ्रीमेसनांच्या मनातही घर करून असतं. आपली लॉज ओस पडू लागली की ग्रँड लॉज, म्हणजे लॉजवर देखरेख करणारी वरची संस्था, काही तरी करेल, मोहीम काढेल, नियम सैल करेल, अशी वाट ते पाहत राहतात. घसरणीची कारणं देशभरात सारखी असू शकतात. पण लॉज सावरते ती तिथल्या दहा-पंधरा माणसांनी सावरली तरच. कारण ती मुळातच स्थानिक संस्था आहे, आणि हे एकदा नीट कळलं की बाहेरचे आणि आतले बहुतेक गैरसमज सारखेच गळून पडतात.

रचनेपासूनच सुरुवात करू. परंपरेनुसार १७१७ साली लंडनमधल्या चार लॉजनी सेंट पॉल कॅथीड्रलजवळच्या ‘गूस अँड ग्रिडायरन’ या मद्यगृहात एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज स्थापन केली. म्हणजे लॉज आधी होत्या, ग्रँड लॉज नंतर आली. पुढे ग्रँड लॉजही एक राहिली नाही. अमेरिकेत आजही राष्ट्रीय ग्रँड लॉज नाही. प्रत्येक राज्याची स्वतंत्र आहे, आणि त्यांच्याशेजारी कृष्णवर्णीयांच्या प्रिन्स हॉल परंपरेच्या ग्रँड लॉज वेगळ्या आहेत. या दोघांनी एकमेकांना मान्यता देण्याची प्रक्रिया १९८९ साली कनेक्टिकटपासून नेटाने सुरू झाली. ज्यांना आपल्याच शहरातल्या फ्रीमेसनांना बांधव म्हणायला दोनशे वर्षं लागली, ते एका जागतिक आज्ञेने चालतात असं म्हणणं टिकत नाही. भारतात १९६१ पर्यंत इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिन्ही ग्रँड लॉजच्या सनदांवर शेजारीशेजारी काम चालत असे. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हाही जुन्या सनदेखाली राहायचं की नव्या ग्रँड लॉजकडे जायचं, हे लॉजना निवडता आलं. ‘तेहतिसाव्या पदवीचे’ लोक सगळं चालवतात, हाही समज असाच. ती पदवी स्कॉटिश राइट नावाच्या जोडसंस्थेची. लॉजमध्ये तिसरी, मास्टर मेसनची पदवी ही शेवटची, आणि तेहतिसावी मिळवलेला माणूसही आपल्या लॉजमध्ये निवडून आलेल्या मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या अध्यक्षाच्या, अधिकाराखालीच बसतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो, तो इटलीतल्या ‘पी टू’ या लॉजचा. मार्च १९८१ मध्ये अरेझ्झोजवळ तिचा प्रमुख लिचो जेल्ली याच्या मालमत्तेवर पोलिसांना ९६२ नावांची यादी सापडली. त्यात मंत्री होते, सेनाधिकारी होते, गुप्तचर खात्याचे प्रमुख होते, बँकर होते. सरकार कोसळलं, संसदेने तीना आन्सेल्मी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, आणि १९८२ मध्ये गुप्त संघटनांविरुद्ध कायदा झाला. हे सगळं खरं आहे आणि फ्रीमेसनांनी ते झटकून टाकू नये. पण त्या प्रकरणाचा तपशील पाहा. इटलीच्या ग्रँड ओरिएंटने, म्हणजे तिथल्या ग्रँड लॉजने, ही लॉज १९७६ मध्येच निलंबित केली होती. तिथे ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी जमणं नव्हतं, दरवर्षी नवा मास्टर निवडणं नव्हतं, सभासदांना एकमेकांची नावं माहीत नव्हती. सगळे धागे एकट्या जेल्लीच्या हातात होते. साध्या लॉजचे नियम जिथे मोडले गेले तिथेच तिचं कटाच्या यंत्रात रूपांतर झालं. दरवर्षी बदलणारा मास्टर, मतदान, वाचून मंजूर होणारं इतिवृत्त या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात, पण संस्थेला वाकवू पाहणाऱ्या माणसाच्या वाटेत त्याच उभ्या असतात.

सैतानपूजेच्या आरोपावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. त्यातला मोठा भाग लिओ ताक्सील या फ्रेंच लेखकाने १८८५ नंतर रचलेल्या बनावट ‘गौप्यस्फोटां’तून आला, आणि १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भरसभेत त्याने ते सगळं थोतांड असल्याचं स्वतःच सांगितलं. गुपितांचं म्हणाल तर सॅम्युअल प्रिचर्डने लॉजचे विधी १७३० सालीच लंडनमध्ये छापून विकले होते. याचा एक परिणाम आतल्या लोकांच्या लक्षात येत नाही. जे जवळपास तीनशे वर्षं छापील मिळतं, त्याच्या गूढतेवर सभासद टिकून राहणं शक्य नाही. पहिल्या दीक्षेला माणूस कुतूहलाने येतो. पाचव्या सभेला तो का येईल, याचं उत्तर लॉजकडे असावं लागतं.

आता आकड्यांकडे वळू. अमेरिकेत १९२८ मध्ये सुमारे ३३ लाख फ्रीमेसन होते. मंदीनंतर, १९४१ मध्ये ते २५ लाखांच्या आसपास आले. महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांची लाट आली आणि १९५९ मध्ये आकडा ४१ लाखांवर गेला. तिथून तो घसरतच गेला, आणि २०२० च्या सुमारास नऊ लाखांच्या खाली होता. बाहेरचे म्हणतात, लोकांना खरं रूप कळलं म्हणून ते गेले. आतले म्हणतात, तरुणांना संस्कार उरले नाहीत. दोन्ही निदानं चुकीची आहेत. रॉबर्ट पटनम यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की त्याच काळात पालक-शिक्षक संघांपासून सेवाभावी क्लबांपर्यंत, अमेरिकेतल्या बहुतेक नागरी संस्था रोडावल्या. म्हणजे ओहोटी जवळपास सगळीकडे होती, तिचं खापर एका लॉजवर फोडता येत नाही. मात्र १९५९ चा आकडा हाही काही आरोग्याचा निकष नव्हता. युद्धोत्तर पिढीच्या असाधारण सवयीचा तो परिणाम होता, आणि त्याच्याशी तुलना करत राहिल्याने तीन पिढ्यांच्या पदाधिकाऱ्यांनी चुकीचं ध्येय समोर ठेवलं.

हे ओळखणारा माणूस तेव्हाही होता. इंडियानाच्या ग्रँड लॉजचे सेक्रेटरी ड्वाइट स्मिथ यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे शिखर ओलांडल्यावर लगेचच, एक लेखमाला लिहिली. तिचा आशय असा की दोष बाहेर शोधू नका. आपण प्रवेश स्वस्त केला, लॉज अवाढव्य केल्या आणि फ्रीमेसनरी सोडून बाकी सगळे उपक्रम करून पाहिले. त्यांचं फारसं ऐकलं गेलं नाही. १९९० च्या दशकापासून अनेक राज्यांत उलट वाट धरली गेली: एकाच दिवशी, मोठ्या सभागृहात, शेकडो जणांना तिन्ही पदव्या देऊन टाकायच्या. आकडा त्या वर्षापुरता फुगला, उताराची दिशा बदलली नाही. बदलणार तरी कशी? ज्याला त्याच्या गावच्या लॉजमधल्या कोणी हाताशी धरून काही शिकवलं नाही, त्याला तिथे परत जायला कारणच उरत नाही. आणि परत गेला तरी समोर काय येतं, तर मागच्या सभेचं इतिवृत्त, बिलांची मंजुरी, छपराच्या दुरुस्तीवरचा वाद आणि कागदी कपातली कॉफी. सभासद भरती कमी म्हणून लॉज मरतात, हा आतला सर्वांत मोठा गैरसमज आहे. भरती झालेला माणूस दुसऱ्या वर्षी येत नाही, हे खरं दुखणं आहे.

इथे मास्टरच्या खुर्चीचा प्रश्न येतो. तिची मुदत एक वर्षाची. बहुतेक लॉजमध्ये खालच्या पदापासून एकेक पायरी चढत माणूस सात-आठ वर्षांत तिथे पोचतो, आणि पोचल्यावर स्वतःची नवी कल्पना घेऊन येतो. पुढच्या वर्षी ती गुंडाळली जाते. वर्षाचा मास्टर काही बदलू शकत नाही, असं म्हणतात ते एकट्या मास्टरपुरतं बरोबर आहे. पण मास्टर आणि त्याच्यामागचे दोन्ही वॉर्डन, म्हणजे येत्या तीन वर्षांचे प्रमुख, एकत्र बसले तर तीन वर्षांचा आराखडा आपोआप हातात येतो. जिथे लॉज सावरल्या तिथे साधारण याच गोष्टी दिसतात. कारभाराचं काम समितीत उरकून सभेचा वेळ मोकळा केला जातो, आणि त्या वेळेत प्रत्येक सभेला कोणी तरी तयारी करून निबंध वाचतो व त्यावर चर्चा होते. विधी पुस्तकात न पाहता, नीट पाठ करून केले जातात. सभेनंतर सगळे एकत्र जेवतात. प्रत्येक नव्या माणसाला एक जुना, जबाबदार सोबती नेमून दिला जातो. पायरीवर उभा आहे म्हणून नालायक माणसाला खुर्चीत बसवलं जात नाही. परंपरेत पायऱ्यांची सवय आहे, हक्क नाही, निवडणूक दरवर्षी खरीच असते. यातल्या एकाही गोष्टीला ग्रँड लॉजची परवानगी लागत नाही.

पैशांबाबत मात्र फ्रीमेसनांना कटू गोष्ट ऐकावी लागेल. अनेक अमेरिकन लॉजनी वर्गणी दशकानुदशकं महागाईच्या मागे ठेवली आणि भल्यामोठ्या इमारती सांभाळत बसल्या. डेट्रॉइटचं मेसॉनिक टेंपल १९२६ मध्ये उभं राहिलं, हजारांहून जास्त खोल्यांचं. २०१३ मध्ये त्याचा थकलेला १,४२,००० डॉलरचा कर जॅक व्हाइट या संगीतकाराने भरला तेव्हा ते वाचलं. वर्गणी वाढवा, संख्या मर्यादित ठेवा, दर्जा राखा असं म्हणणाऱ्या लॉज २००० नंतर तिथे पुढे आल्या. त्यांच्यावर आक्षेप येतो की ही श्रीमंतांची सोय झाली. आक्षेप पोकळ नाही. चांगल्या कपड्यांना आणि महाग जेवणाला दर्जा समजण्याचा धोका खराच आहे. पण अडचणीतल्या सभासदाची वर्गणी माफ करण्याचा अधिकार लॉजकडे पहिल्यापासून असतो, आणि तो वापरायला तिजोरीत काही असावं लागतं. लॉजचं विलीनीकरण हा सोपा उपायही मला पटत नाही. दोन दुबळ्या लॉज एकत्र केल्या की पट दुप्पट होतो. सभेतला रिकामा वेळ तसाच राहतो.

‘आमंत्रण आल्याशिवाय जाता येत नाही’ या समजाने किती माणसं बाहेर राहिली असतील याची मोजदाद नाही. वस्तुस्थिती उलटी आहे: परंपरा सांगते की माणसाने स्वतः विचारावं, आणि दीक्षेआधी आपण कोणाच्या आग्रहाने आलो नाही असं त्याला सांगावं लागतं. पण विचारायला येणाऱ्याला दार सापडलं पाहिजे. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने २००५ मध्ये विद्यापीठांच्या गावातल्या निवडक लॉजना विद्यार्थ्यांशी जोडण्याची योजना सुरू केली. तिला यश आलं तेही तिथल्या लॉजनी विद्यार्थ्यांच्या वेळेनुसार सभा ठेवल्या आणि त्यांना लगेच काम दिलं तिथेच.

महाराष्ट्राचा या विषयाशी खरा संबंध येतो तो दार कोणासाठी उघडायचं या प्रश्नावरच. १८४० च्या सुमारास मुंबईच्या लॉज युरोपीयांच्या होत्या. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथे प्रवेश मिळाला नाही. त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पश्चिम भारतातल्या स्कॉटिश फ्रीमेसनरीचे प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये भारतीयांना प्रवेश देणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत उभी केली, आणि माणेकजी तिचे सेक्रेटरी झाले. कलकत्त्यात हिंदूंच्या प्रवेशाचा वाद प्रसन्नकुमार दत्त यांच्या दीक्षेने १८७२ मध्ये कुठे सुटला. १८८४ मध्ये तिथल्याच एका लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त, पुढचे स्वामी विवेकानंद, दाखल झाले. एडिनबरोच्या ग्रँड लॉजची वाट न पाहता मुंबईतच निर्णय झाला म्हणून भारतीयांसाठी इथलं दार १८४३ मध्येच उघडलं. ज्यांना आज स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न वरून सुटेल असं वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये स्त्री-पुरुषांची संयुक्त संघटना स्थापन झाली आणि अॅनी बेझंट यांनी तिचं काम भारतात आणलं, तेही कोणा ग्रँड लॉजच्या होकाराशिवाय. पुरुषांच्या लॉज पुरुषांच्याच राहिल्या. पण शेजारच्या स्त्रियांच्या लॉजला सभागृह द्यायचं की नाही, एखादं व्याख्यान मिळून करायचं की नाही, हे अनेक ठिकाणी स्थानिक माणसांच्या इच्छेवरच अवलंबून असतं.

प्रत्येक लॉज वाचेल असं नाही, आणि प्रत्येक वाचवलीच पाहिजे असंही नाही. तीन वर्षं मनापासून प्रयत्न करूनही सभा भरत नसेल, पदं भरायला माणसं नसतील, तर सनद सन्मानाने परत करणं हाही मास्टरच्या जबाबदारीचाच भाग आहे. त्याआधी इतिवृत्तांच्या वह्या, सभासदांची नोंदपुस्तकं आणि वाचलेले निबंध एखाद्या ग्रंथालयात किंवा ग्रँड लॉजच्या दप्तरात पोचवावेत. मुंबईत पारशी, मुसलमान, हिंदू आणि इंग्रज एका सभेत कधीपासून आणि कोणत्या अटींवर बसू लागले, हे उद्या ज्याला शोधायचं असेल त्याला ते या वह्यांतच सापडेल.