खिडकी आहे, उजेड नाही

मानखुर्द-गोवंडी भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत तळमजल्यावरच्या अनेक घरांत भरदुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय मुलांना पुस्तकातलं दिसत नाही. घराला खिडकी आहे, पण ती उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. मधलं अंतर जेमतेम तीन मीटर. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत ज्यांच्या झोपड्या गेल्या, त्यांना इथे पक्की घरं मिळाली. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी या दोन वसाहतींची जवळच्याच पीएमजी कॉलनीशी तुलना केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये समोर आले. पहिल्या दोन वसाहतींत शंभरातल्या आठ ते दहा घरांत क्षयरोग निघाला, पीएमजी कॉलनीत साधारण एका घरात. पीएमजीच्या इमारती एकमेकींपासून लांब आहेत, तिथे ऊन पोचतं, वारा खेळतो. दाटीच्या वसाहतींत जिथे उजेड-वारा सर्वांत कमी, त्या खालच्या मजल्यांवर आजार जास्त होता. यावरून माझं म्हणणं सरळ आहे: दोन इमारतींमधली जागा हा आरोग्याचा प्रश्न आहे, आणि बांधकामाच्या नियमांत ती सवलत म्हणून सोडून देता येत नाही.

क्षयाचे जंतू खोकल्यातून बाहेर पडले की अतिसूक्ष्म थेंबांतून कित्येक तास हवेत तरंगत राहतात. वारा वाहता असेल तर ते विरळ होऊन निघून जातात, थेट ऊन लागलं तर मरतात. आता २२५ किंवा २६९ चौरस फुटांची खोली डोळ्यांसमोर आणा. मधे अंधारा बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना घरं, म्हणजे हवा यायची ती एकाच बाजूने, आणि समोरच्या भिंतीमुळे तीही अडलेली. ओले कपडे आतच वाळत घातलेले, त्याच खोलीत स्वयंपाक, भिंतींना ओल आणि कोपऱ्यात बुरशी. दम्याच्या मुलाचा त्रास अशा ओलीने वाढतो. घरातला एक मोठा माणूस खोकत असेल, तर रात्रभर सगळे तीच हवा आत घेतात. यात सर्वाधिक धोका पाच वर्षांखालच्या मुलांना. त्यांच्यात संसर्गाचं आजारात रूपांतर लवकर होतं, कधी तो थेट मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. लहान मुलाला बेडका काढता येत नाही, त्यामुळे निदानही लांबतं. बीसीजीची लस गंभीर प्रकारांपासून बऱ्यापैकी वाचवते, पण संसर्ग होऊच नये याची हमी ती देत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो गरिबीचा. क्षय होतो तो उपासमारीने, घराला कशाला दोष? आक्षेपात तथ्य आहे. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबांना पुरेसा आहार दिला, तेव्हा त्या घरांत नव्याने होणारा क्षय जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाला. ‘रेशन्स’ नावाच्या या अभ्यासाचे निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण मानखुर्दच्या तिन्ही वसाहती एकाच वॉर्डातल्या, सगळ्याच पुनर्वसनाच्या आणि कष्टकऱ्यांच्या. इतका मोठा फरक एकट्या ताटातल्या अन्नाने समजावता येत नाही. ताट आणि खिडकी, दोन्ही हवीत.

उजेड-वाऱ्याचं हे महत्त्व मुंबईला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच कळलं होतं. १८९६ च्या प्लेगने शहर हादरलं आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. उजेड-वाऱ्यासाठी ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. त्याचा व्यवहारी अर्थ असा, की समोरच्या इमारतीची जितकी उंची, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मधे हवी. आजच्या सात-आठ मजली इमारतीची उंची २२ मीटर धरली, तर ११ मीटर. आपण ठेवले तीन. मुंबईत १९२१ साली एकखोली घरांतल्या बालमृत्यूंचं प्रमाण हजारी आठशेच्या वर नोंदलं गेलं, तर चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत ते १३३ च्या आसपास होतं. आठशेचा आकडा फुगलेला होता हे मान्य करायलाच हवं. अनेक गिरणी कामगारांच्या बायका बाळंतपणाला गावी जात. जन्माची नोंद तिकडे आणि मृत्यूची इकडे. तरीही दोन आणि तीन खोल्यांच्या घरांतले आकडे पाहिले, तर खोल्या वाढतात तसे मृत्यू उतरताना दिसतात.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: झोपडीपेक्षा हे बरं ना, आणि तेही फुकट? पक्कं छप्पर, घरात संडास, नळाचं पाणी ही लहान गोष्ट नाही, पावसाळा झोपडीत काढलेल्या बाईला तिचं मोल कळतं. पण हे घर नाकारायचा पर्याय त्या कुटुंबापुढे नव्हता, आणि फुकट म्हणतो त्या घराची किंमत विकासकाला विक्रीच्या बांधकाम-हक्कांतून मिळालेली असते. मग तीच किंमत आजाराच्या रूपाने रहिवाशांकडून पुन्हा का वसूल करायची? ‘लोकच खिडक्या बंद ठेवतात’ हेही म्हटलं जातं. ठेवतात, कारण दोन इमारतींमधल्या अरुंद घरगल्लीत वरून कचरा पडतो, डास आणि दुर्गंधी येते, आणि समोरच्याच्या घरातलं सगळं दिसतं. अंतर पुरेसं असतं तर यातलं निम्मं घडलं नसतं.

जागेचा तुटवडा खरा आहे. अंतर वाढवलं की घरं कमी बसतील, खर्च वाढेल. पण सहा महिन्यांचे उपचार, बुडालेली मजुरी, औषधांना दाद न देणारा क्षय झाला तर त्याहून लांबणारा आजार आणि सरकार दरमहा देत असलेले पोषणाचे १००० रुपये, हा खर्चही त्याच घरांच्या हिशेबात मांडायला हवा. धारावीसह पुनर्विकासाचे मोठे आराखडे येत आहेत. मंजुरीआधी प्रत्येक आराखड्यात सर्वांत खालच्या मजल्यावरच्या घराला डिसेंबरात, सूर्य खाली असताना, किती उजेड मिळेल हे दाखवणं सक्तीचं करावं. उभ्या असलेल्या इमारती सरकवता येणार नाहीत. तिथे घरगल्ल्या नियमित साफ व्हाव्यात, बोळांत हवा खेचणारे पंखे बसावेत आणि आरोग्यसेविकांनी क्षयाची तपासणी तळमजल्यापासून सुरू करावी. रुग्ण सापडला, की घरातल्या लहान मुलांना प्रतिबंधक औषधं त्याच आठवड्यात मिळायला हवीत.