मूत्रपिंडात वायू साठतो तेव्हा

फुप्फुसांत हवा असावी आणि आतड्यांत वायू असावा हा देहाचा नित्याचा दस्तूर आहे. परंतु रक्ताने ओथंबलेल्या मूत्रपिंडाच्या गाभ्यात वायूचा एखादा बुडबुडाही असण्याचे प्रयोजन नाही, आणि तो तेथे आढळला तर दुखण्याने फार गंभीर वळण घेतले आहे असेच बहुधा समजावे लागते. या विकाराचा पहिला दाखला अमेरिकेतील केली आणि मॅक्कलम यांनी 1898 साली नोंदवला, आणि ‘एम्फिसेमॅटस पायलोनेफ्रायटिस’ हे त्याचे आजचे रूढ नाव 1962 साली सुचवले गेले. आपण त्यास वायुजनक मूत्रपिंडदाह म्हणू. विकार विरळा आहे खरा. तथापि ज्या समाजात मधुमेह घरोघरी आहे, त्या समाजाने त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे, कारण याचे बहुसंख्य रुग्ण मधुमेहीच असतात.

वायू येतो कोठून? घायाळ सैनिकांच्या जखमा सडवणाऱ्या जंतूंचे हे काम नव्हे. लघवीच्या साध्या संसर्गात नेहमी सापडणारे ई. कोलाय आणि क्लेबसिएला हेच जंतू येथेही बहुधा सूत्रधार असतात. मधुमेह आटोक्याबाहेर गेला म्हणजे मूत्रपिंडाच्या पेशीजालात साखर मुबलक होते, आणि इडलीचे पीठ आंबून फुगावे त्या रीतीने हे जंतू ती साखर आंबवून कर्बवायू व उद्जन हे वायू निर्माण करतात. निरोगी शरीरात असला वायू रक्तप्रवाह वाहून नेतो. परंतु ज्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आधीच निकामी होत आल्या आहेत आणि प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्याच्या मूत्रपिंडात वायू कोंडतो, रक्तपुरवठा आणखी तुटतो आणि अवयव आतल्या आत मरू लागतो. मूत्रमार्गात खडा अडकून वाट बंद झाली असल्यास मधुमेह नसतानाही हा प्रसंग ओढवू शकतो. स्त्रियांत लघवीचा संसर्ग अधिक होत असल्याने रुग्णांतही त्यांचीच संख्या मोठी असते.

निदानाची अडचण अशी, की रोगाचा आरंभ अगदी सामान्य असतो. थंडी वाजून ताप, कुशीत ठणका, उलट्या, लघवीला जळजळ ही लक्षणे मूत्रपिंडाच्या साध्या दाहातही असतात, आणि हाताने तपासून वायूचा सुगावा क्वचितच लागतो. सोनोग्राफीत वायू पांढऱ्याशुभ्र ठिपक्यासारखा चमकतो व त्यामागे मळकट सावली पडते. खड्याची सावली याहून स्वच्छ व काळीभोर असते. तरीही घाईत पाहणाऱ्यास तो मुतखडा वाटतो, नाहीतर शेजारच्या आतड्यातील वायू समजून सोडून दिला जातो. सीटी स्कॅनमध्ये मात्र वायू इतका निखळ काळा उमटतो की शंकेला जागा उरत नाही. आणि केवळ वायू पाहण्यासाठी शिरेतून रंगद्रव्य टोचण्याचीही गरज नसल्याने, ज्याचे मूत्रपिंड आधीच थकले आहे अशा रुग्णाचीही ही तपासणी करता येते. अर्थात काळे दिसले म्हणजे हाच रोग, असेही नाही. नुकतीच नळी घातली असेल अथवा दुर्बिणीची तपासणी झाली असेल तर मूत्रमार्गात बाहेरची हवा शिरलेली असू शकते, सबब रुग्णाची हकिकत चित्राइतकीच महत्त्वाची ठरते.

या चित्रानेच उपचारांची दिशा पालटली. पूर्वी वायू दिसला की मूत्रपिंड काढून टाकावे हाच निर्वाळा प्रमाण मानला जाई. 1996 साली तैवानमधील वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली: ज्या मूत्रपिंडात नुसत्या वायूच्या रेषा होत्या आणि पू अथवा द्रव साठलेला नव्हता, त्या रुग्णांपैकी 69 टक्के दगावले, उलट द्रव आणि बुडबुडे एकत्र असलेल्यांत हे प्रमाण 18 टक्के होते. पू होणे हे शरीर अद्याप झुंज देत असल्याचे लक्षण होय, आणि जेथे तो नाही तेथे शरीराने हात टेकलेले असतात, असाच याचा अर्थ लावला जातो. पुढे 2000 साली तैवानमधीलच हुआंग व त्सेंग यांनी वायूच्या व्याप्तीवरून प्रतवारी लावली: केवळ मूत्र गोळा होणाऱ्या पोकळीत वायू असणे ही पहिली पायरी, मूत्रपिंडाच्या गाभ्यात ही दुसरी, त्याच्या आवरणापलीकडे ही तिसरी, आणि दोन्ही मूत्रपिंडांत किंवा एकुलत्या एका चालत्या मूत्रपिंडात ही चौथी.

आज शिरेवाटे प्रभावी प्रतिजैविके, सलाईन व इन्सुलिन यांची तजवीज तातडीने होते. त्यासोबत पाठीतून बारीक नळी घालून पू व वायू यांना वाट करून दिली जाते, आणि खड्याने मार्ग अडला असेल तर स्टेंट बसवून तो मोकळा केला जातो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित आढाव्यात केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी निम्मे रुग्ण, तातडीने मूत्रपिंड काढलेल्यांपैकी चतुर्थांश, आणि नळी घातलेल्यांपैकी सुमारे साडेतेरा टक्के मृत्युमुखी पडल्याचे आढळले. या गटांतील रुग्ण सारख्याच अवस्थेत नव्हते, म्हणून आकडे सावधपणे वाचावेत. परंतु सुरीची घाई टाळता येते, एवढे त्यांनी सिद्ध केले. रक्तातील प्लेटलेट घटलेल्या, शुद्ध हरपू लागलेली, मूत्रपिंडाचे काम अकस्मात मंदावलेले, रक्तदाब कोसळलेला, यांपैकी दोन वा अधिक गोष्टी एकत्र आल्या आणि वायूही दूर पसरला असेल, तर नळी बहुधा पुरी पडत नाही. तेथे शस्त्रक्रिया लांबवणे हीच मोठी जोखीम होय.

मूत्रपिंड वाचवण्याचा एवढा आग्रह का, असे कोणी विचारील. एक काढले तरी दुसऱ्यावर भागते हा हिशेब निरोगी माणसाचा. मधुमेह्याचे दुसरे मूत्रपिंडही त्याच साखरेच्या अंमलाखाली झिजत असते, आणि ते खचले की डायलिसिसवाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून मधुमेही माणसास हुडहुडी भरून ताप आला आणि कूस दुखू लागली, तर घरातील मंडळींनी तापाच्या गोळीवर दोन दिवस काढू नयेत. त्याच दिवशी रक्तातील साखर व लघवी तपासून घ्यावी, आणि औषध सुरू होऊनही दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, अथवा त्याआधीच ग्लानी किंवा धाप दिसू लागली, तर सीटी स्कॅन करावे काय, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारण्यात संकोच बाळगू नये.