न्हाणीघरातला पंखा : हवा हवी, झटका नको!

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या जुन्या इमारतींत न्हाणीघर म्हणजे जेमतेम चार बाय सहा फुटांची जागा. डक्टकडे उघडणारी काचेच्या पट्ट्यांची एक खिडकी, तीही पावसाळ्यात बंद. आंघोळीची वाफ आत कोंडते, भिंतीला बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णाचा खोकला बळावतो. म्हणूनच एक्झॉस्ट पंखा ही चैन नव्हे, आरोग्याची गरज आहे. मात्र पाणी आणि वीज एकाच खोलीत आणताना काळजी घ्यायलाच हवी.

ओल्या अंगाचा विजेला होणारा विरोध फारच कमी असतो. आपल्या घरातला वीजपुरवठा २३० व्होल्टचा. एवढ्या दाबाचा प्रवाह ओल्या शरीरातून गेला, तर हृदयाची लय बिघडून काही क्षणांत जीव जाऊ शकतो. तेव्हा पंखा बसवताना पुढील गोष्टी पाहा :

१. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. कामाआधी मेन स्विच बंद करून वीज खरोखर गेल्याची खात्री करायला सांगा.

२. पंखा छताजवळ, शॉवरचे पाणी उडणार नाही अशा जागी असावा. स्विच न्हाणीघराबाहेर असावा व तो फेजच्या तारेवरच बसवलेला असावा. न्यूट्रलवर बसवला, तर पंखा थांबला तरी आत वीज राहते.

३. धातूच्या पंख्याला अर्थिंग हवेच. अर्थिंगची तार नळाच्या पाइपला बांधू नका. मध्ये प्लास्टिकचा पाइप आला, की अर्थिंग तुटते आणि नळालाच झटका बसू शकतो.

४. तारेचा जोड उघडा किंवा नुसता टेप गुंडाळलेला नको. तो बंद डबीतच असावा.

५. एमसीबी तारा जळण्यापासून वाचवते, माणसाला नव्हे. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. वीज भलत्या वाटेने गळू लागताच ती पुरवठा तोडते. तिचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहा.

आता सर्वांत महत्त्वाचे. पंखा आहे म्हणून गॅसचा गिझर आत लावू नका. बोरिवलीत जानेवारी २०२० मध्ये एका शाळकरी मुलीचा गॅस गिझर असलेल्या न्हाणीघरात बेशुद्ध पडून पुढे मृत्यू झाला. मार्च २०२३ मध्ये धुळवडीनंतर घाटकोपरला एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हाही गॅस गिझरचाच संशय व्यक्त झाला. गॅस अपुऱ्या हवेत जळला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. दार-खिडकी बंद असेल, तर पंखा बाहेरची हवा आणणार कुठून? उलट गिझरचा धूर तोच आत ओढू शकतो. म्हणून गॅस गिझर मोकळ्या हवेतच असावा, आणि पंख्यासाठीही दाराखाली हवेला वाट ठेवावी.

आंघोळ करताना डोके दुखले, मळमळले किंवा चक्कर आली, तर लगेच बाहेर या. कुणी आत बेशुद्ध पडले, तर दार उघडा, गॅस बंद करा आणि त्याला मोकळ्या हवेत आणा. विजेचा झटका बसला असेल, तर आधी मेन स्विच बंद करा, मगच त्याला हात लावा. दोन्ही वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

येत्या रविवारी एवढेच करा : आपल्या घरात आरसीसीबी आहे का, ते पाहा. नसेल, तर वायरमनला बोलवा. मीटरच्या पेटीतली ही छोटीशी डबी घरातल्या सर्वांचे रक्षण करते.