विळ्याच्या आकाराचे रक्तकण आणि मेंदू

सिकलसेल हा आनुवंशिक विकार केवळ सांधेच पीडितो असे नव्हे; बालकाच्या मेंदूवरही तो घाला घालतो. विळ्यासारख्या ताठर रक्तकणांमुळे मेंदूकडील रोहिणी अरुंद होते. नळाचे तोंड बोटाने दाबले असता पाणी जोराने उसळते. तद्वत् तीतून रक्त वेगाने धावते. ध्वनिलहरींनी हा वेग वेदनेविना मोजता येतो. सरासरी वेग सेकंदास २०० सेंटिमीटर वा अधिक भरल्यास पक्षाघाताचे भय मोठे. अशा बालकांस नियमित रक्त दिल्याने ते ९० टक्क्यांहून अधिक घटते, हे अमेरिकेत १९९८ साली सिद्ध झाले. या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली शहडोल येथे आरंभिली गेली. नई सडकेपासून शहडोल दूर खरे. पण प्रांत आपलाच. मूल हसतेखेळते असतानाच ही तपासणी व्हावी. झटक्यानंतर गेलेली वाचा परत येईलच असे नाही.