कुणाला फोन केलात, कोण मोजतंय?

घाटकोपर-मुलुंडच्या चाळींमध्ये एके काळी अख्ख्या मजल्यावर एखाद्याच घरी फोन असायचा. बाकीचे सगळे त्याच नंबरापुढे ‘पी.पी.’ लिहून तो पाव्हण्यारावळ्यांना द्यायचे. ज्यांच्या घरी फोन, त्या काकूंना सगळ्यांच्या घरातलं सगळं आधी कळायचं. त्यासाठी बोलणं कान देऊन ऐकायचीही गरज नसे. फोन कुठून आला, किती वेळा आला, रात्री किती वाजता आला, एवढ्यावरून त्या बरोबर अंदाज बांधायच्या. पण निदान या काकू कोण, हे आपल्याला ठाऊक होतं! आज तसंच लक्ष ठेवणारं कुणीतरी आपल्या पर्समधल्या फोनमध्येच बसलेलं असू शकतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मार्च २०१८ मधली गोष्ट. फेसबुककडे आपली काय माहिती आहे, हे बघायला काही लोकांनी तिची प्रत उतरवून घेतली. फोटो आणि गप्पा त्यात होत्याच. पण कुणाला फोन केला, कुणाचा आला, कधी आला, किती वेळ बोलणं झालं, याचीही यादी निघाली. हे कॉल फेसबुकवरून नव्हे, साध्या फोनवरून केलेले! कंपनीचं म्हणणं असं की, अँड्रॉइड फोनवर मेसेंजर किंवा फेसबुक लाइट वापरणाऱ्यांनी परवानगी दिली म्हणूनच ही नोंद झाली. बोलण्यातला किंवा मेसेजमधला मजकूर आम्ही घेत नाही, माहिती विकत नाही. अशी परवानगी दिल्याचं अनेकांना आठवतही नव्हतं. आरडाओरडा झाल्यावर एप्रिलमध्ये कंपनीने वर्षापेक्षा जुन्या नोंदी पुसण्याचं आणि कॉलची वेळ यापुढे न घेण्याचं जाहीर केलं.

‘बोलणं घेतलं नाही ना, मग काय बिघडलं?’ असं वाटेल. पण नुसत्या यादीलाही बाजारात किंमत असते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, मुलुंडचा चेकनाका ओलांडला की लागणाऱ्या ठाण्यात, लोकांच्या कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून पोलिसांनी धरपकड केली. त्यात खासगी गुप्तहेरही होते. आता आपल्या घरातलंच बघा. एखादी बाई स्त्रीरोगतज्ज्ञाला लागोपाठ तीन फोन करते. दुसरी भर दुपारी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावते, मग वकिलाला, मग माहेरी. शब्द एकही नको, गोष्ट पुरी कळते. घरच्या मारहाणीतून वाट काढणाऱ्या बाईसाठी तर ही यादी जपणं हा जिवाचा प्रश्न असतो.

“आपण साध्या बायका, आपल्या फोनमध्ये काय सापडणार?” असं आमच्या बचत गटातल्या ताई नेहमी विचारतात. ताई, प्रश्न तुमच्या एकटीचा नाही हो! ‘अलाउ’वर बोट तुमचं पडतं, पण नंबर जातात जावेचे, नणंदेचे, शाळेतल्या बाईंचे. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. २०१८ मध्येच गाजलेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात भारतातल्या फक्त ३३५ जणांनी एक ॲप घेतलं होतं. पण मित्रयादीच्या साखळीने देशातल्या ५ लाख ६२ हजारांहून अधिक लोकांची माहिती गेली असावी, असा अंदाज खुद्द फेसबुकने दिला.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनीही हेच केलं. कर्ज एकाने घ्यायचं आणि बदनामीचे मेसेज त्याच्या फोनमधल्या नातेवाइकांना जायचे. त्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲपना संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदींना हात लावायला मनाई केली. २०२३ मध्ये गूगलनेही तसाच नियम केला.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातल्या मुख्य तरतुदींसाठी मात्र कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. पण तोवर हातावर हात ठेवून कशाला बसायचं?

फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये जा. ‘प्रायव्हसी’ आणि मग ‘परमिशन मॅनेजर’ उघडा. काही फोनमध्ये ते ‘ॲप्स’खाली असतं. तिथे ‘कॉल लॉग्ज’, ‘कॉन्टॅक्ट्स’ आणि ‘एसएमएस’पुढे कोणकोणत्या ॲपची नावं दिसतात ते वाचा. ज्याचं तिथे काम नाही, त्याची परवानगी काढून टाका. फोन बिघडत नाही, आणि गरज पडली तर परवानगी पुन्हा देता येते. मेसेंजरमध्ये संपर्क अपलोड करण्याची सोय चालू असेल, तर तीही बंद करा. नवीन ॲप घेताना एवढंच विचारा, की बॅटरीच्या ॲपला माझ्या नणंदेचा नंबर कशाला हवा?

आणि कुणी ऑनलाइन फसवलंच, तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर तक्रार करा.

आपल्या फोनमधले नंबर म्हणजे लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. पुढच्या हळदीकुंकवाला वाण देऊन झालं की दहा मिनिटं काढा आणि एकमेकींचे फोन उघडून या परवानग्या तपासा. ज्या सासूबाईंना हे जमत नाही, त्यांचा फोन आधी घ्या.